गोळी, नळी आणि नेम

कलबुर्गीच्या बहामनी किल्ल्यात सुमारे २९ फूट लांबीची एक प्रचंड तोफ आहे. लोक तिला ‘बारा गजी तोफ’ म्हणतात. बीदरच्या किल्ल्यातही बुरुजाबुरुजावर तोफा आहेत. त्यांतील काही लोखंडी पट्ट्या एकमेकींस जोडून व त्यांवर कड्या चढवून घडविलेल्या. या तोफा पाहावयास येणारा मनुष्य सहसा एकच प्रश्न विचारतो, हिचा गोळा किती लांब जात असे? वाटाड्या काही तरी आकडा सांगतो आणि ऐकणारा थक्क होऊन पुढच्या बुरुजाकडे वळतो. गोळा जेथे टाकावयाचा तेथेच पडत असे काय, हा दुसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनात येतो.

तो न येण्यास कारणही आहे. ज्याला शहराचा तट फोडावयाचा आहे, त्याला चार-दोन हातांची चूक परवडते. तट काही जागचा हलत नाही. परंतु ज्याच्यापुढे पन्नास मीटरांवर कागदाचे एक लक्ष्य आहे आणि त्या लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे आहे, त्याच्या दृष्टीने गोळी किती लांब जाते याला काहीच किंमत नाही. ती प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी जाते की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. रायफलच्या नेमबाजीचा सारा खेळ या एका प्रश्नाभोवती फिरतो.

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत बंदुकीचे नाव निघाले की जुन्या माणसांना निजामी अमलातील शिकारी आठवतात. तो काळ गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक बंद केला आणि काळ्या रानात चरणाऱ्या काळविटावर नेम धरणे हा गुन्हा ठरला. तेव्हा भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथील विद्यार्थ्याच्या हाती पहिली रायफल येते ती बहुधा राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात, आणि तीही चांदमारीच्या मैदानावर, हवालदाराच्या नजरेखाली. छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली. तेव्हापासून मराठी, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या सतरंजीवर पालथ्या पडून, पॉइंट टू-टू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान काडतुसाच्या रायफलीने पंचवीस मीटरांवर पाच-पाच गोळ्या झाडून आल्या आहेत.

या पाच गोळ्यांतच विद्येचा पहिला धडा आहे. समजा, एका मुलाच्या पाच गोळ्यांपैकी एक नेमकी मध्यावर लागली आणि उरलेल्या चार चारही दिशांना पांगल्या. दुसऱ्याची एकही गोळी मध्यापर्यंत पोहोचली नाही, पण पाचही छिद्रे खाली डावीकडे एकमेकांस चिकटून पडली. पहिला मुलगा आनंदाने कागद मिरवतो आणि दुसरा ओशाळून उभा राहतो. हवालदार मात्र पाठ थोपटतो ती दुसऱ्याची. नवख्याला हा अन्याय वाटतो. पण विचार केला तर त्यातील न्याय ध्यानी येतो. ज्याच्या गोळ्या एका ठिकाणी जातात त्याची माशी किंचित सरकविली की तोच गुच्छ उचलून मध्यावर आणता येतो. ज्याच्या गोळ्या पांगतात त्याच्यासाठी मात्र काय सरकवावे हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. त्याची मध्यावर लागलेली गोळी ही गुणवत्ता नव्हे, तो योगायोग होय.

गोळ्या पांगतात तरी का, याचा शोध मनुष्याने फार उशिरा घेतला. दोन-तीनशे वर्षे बंदुकी गुळगुळीत नळीच्या आणि गोळ्या वाटोळ्या होत्या. नळीत गोळी भरता यावी म्हणून ती किंचित सैल ठेवावी लागे. बार उडाला की ती नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटची टक्कर ज्या बाजूला झाली असेल त्याप्रमाणे स्वतःभोवती कशीही गिरकी घेई. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली आपला तोफविद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. टांगलेल्या जड लंबकावर गोळी मारून तो किती झुलतो यावरून गोळीचा वेग काढण्याची युक्ती त्याचीच. ही भलतीकडची गिरकीच गोळीला हवेत बाजूला ओढते, हेही त्याने दाखविले. क्रिकेटचा किंवा टेनिसचा चेंडू फिरकी दिली की वळतो, तशातलाच हा प्रकार. त्यासाठी त्याने एका नळीचे टोक मुद्दाम डावीकडे वाकविले. गोळी प्रथम डावीकडे गेली खरी, पण पुढे हवेत वळून उजवीकडे आली. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

गिरकी टाळता येत नसेल तर ती आपल्या मर्जीची करावी, हा त्यावरील उपाय. नळीच्या आत वळसेदार खाचा पाडल्या की गोळी त्यांत रुतून भोवऱ्यासारखी फिरतच बाहेर पडते. फिरणारा भोवरा जसा आपली आर सोडीत नाही तशी ती आपली दिशा सोडीत नाही. अशा खाचांची नळी म्हणजेच रायफल. कारागिरांना ही युक्ती रॉबिन्सच्या आधीपासून माहीत होती. पण खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून भरण्यात शिपायाचा वेळ जाई. १८४९ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिनिए याने बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी काढली. ती नळीत सहज उतरे आणि बार होताच फुगून खाचांत बसे. तिच्याच वंशातील एन्फिल्ड रायफलचे चरबी लावलेले काडतूस १८५७ साली हिंदुस्थानात काय करून गेले, ते शाळेतील मुलेही जाणतात. चरबी मात्र उगाच लावलेली नव्हती. नळीतून शिसे नीट सरकावे म्हणून काही तरी वंगण लागतेच. आजच्या लहान काडतुसाच्या गोळीवरही मेणासारख्या वंगणाचा पातळ थर असतो. म्हणूनच नळी पुसून स्वच्छ केली की पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात, आणि नळीत वंगणाचा लेप पुन्हा बसला की त्या मार्गावर येतात. जाणता नेमबाज या गोळ्या हिशेबात धरीत नाही.

आता या लहान काडतुसाकडे जरा बारकाईने पाहावे. त्यातील शिशाच्या गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम असते. स्पर्धेच्या काडतुसाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा थोडा कमी राखलेला असतो. ध्वनीची मर्यादा ओलांडून गेलेली गोळी वाटेत मंदावून पुन्हा त्या मर्यादेखाली येते तेव्हा डळमळते. नळीतील खाचांचा वळसा साधारणतः १६ इंचांत एक असतो. त्या हिशेबाने गोळी सेकंदाला सुमारे आठशे फेरे घेते. पन्नास मीटर अंतर तोडावयास तिला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. दर वेळी ती तेवढीच खाली येत असेल तर चिंता नाही. नळीचा कल तेवढा वर ठेवला की झाले.

पण दर वेळी ती तेवढीच खाली येते का? दारू चिमूटभराहूनही कमी असते. पेट घेणारे द्रव्य काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते. त्याचा थर एका बाजूस रेसभर जाड-पातळ झाला, गोळी टरफलात थोडी घट्ट किंवा सैल बसली, की वेगात फरक पडतो. वेग सेकंदाला दहा मीटरांनी कमी झाला तर पन्नास मीटरांवर गोळी सुमारे सात मिलिमीटर खाली लागते. लक्ष्यावरील वर्तुळे एकमेकांपासून आठ मिलिमीटरांवर असतात. नेमबाजाचा श्वास, बोट, डोळा, सगळे निर्दोष असूनही दहाचे नऊ होतात ते असे. त्या दिवशी तो स्वतःला दोष देत घरी जातो. उलट वाईट नेमबाज चांगल्या काडतुसाला दोष देत घरी जातो. दोघेही चूक, आणि दोघांनाही ते कळावयास मार्ग नाही.

मार्ग आहे, पण तो खर्चिक आहे. मोठे कारखाने काडतुसे हप्त्याहप्त्याने तयार करतात आणि प्रत्येक हप्त्याला क्रमांक देतात. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन हप्ते एकाच रायफलीतून सारखे चालतीलच असे नाही. एका रायफलीला मानवलेला हप्ता दुसरीला मानवत नाही, ही तर त्याहून नवलाची गोष्ट. बार होताना नळी सतारीच्या तारेसारखी थरथरते आणि त्या थरथरीच्या कोणत्या क्षणी गोळी बाहेर पडते यावर बरेच अवलंबून असते. प्रत्येक नळीचा स्वभाव वेगळा. म्हणून इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील इली कारखान्यात किंवा जर्मनीत लापुआच्या परीक्षाकेंद्रात जगातील नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. तेथे ती यंत्रात आवळून बसवितात, वारा नसलेल्या बंदिस्त बोगद्यातून निरनिराळ्या हप्त्यांच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि ज्या हप्त्याचा गुच्छ सर्वांत लहान येईल तो विकत घेतात. आपल्याकडे वधूवरांच्या पत्रिका जुळवितात त्यापेक्षा हे जुळविणे अधिक शास्त्रीय आहे, एवढे म्हटले तर कोणी रागावू नये. एकदा जुळलेला हप्ता मात्र जन्मभर पुरत नाही. तो संपला की पुन्हा शोध.

या परीक्षेत दहा गोळ्याच का, तीन का नव्हेत? हौशी नेमबाज तीन गोळ्यांचा कागद खिशात घालून हिंडतात आणि तिन्ही छिद्रे एका नाण्याखाली झाकतात म्हणून सांगतात. गणित सांगते की त्याच रायफलीचा, त्याच काडतुसाचा तीन गोळ्यांचा गुच्छ सरासरीने दहा गोळ्यांच्या गुच्छाच्या दोन-तृतीयांशाहूनही लहान येतो. म्हणजे थोड्या गोळ्या झाडणाराची रायफल नेहमीच चांगली ठरते! खरे पाहता त्याने रायफलीची परीक्षा घेतलेलीच नसते. छिद्रांच्या केंद्रांमधील सर्वांत लांबचे अंतर मोजावे, आणि असे चार-पाच गुच्छ मोजून मगच मत बनवावे, ही जुन्या नेमबाजांची रीत होय. त्यांत जी एखादी गोळी फार दूर जाते ती ‘हात हलला’ म्हणून वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो. हात हलल्याचे चाप ओढताक्षणीच सांगता आले तर ठीक. कागद पाहिल्यावर आठवलेला हात मात्र हिशेबात धरू नये.

आणि मग वारा. बोगद्यात तो नसतो, मैदानावर असतो. सेकंदाला मीटरभर चालीने आडवी वाहणारी, झाडाचे पानही जेमतेम हलविणारी झुळूक पन्नास मीटरांवर गोळीला पाच-सात मिलिमीटर सरकविते. बीदर-कलबुर्गीकडच्या उघड्या पठारावर उन्हाळ्यात दुपारी जमिनीवर मृगजळ लकाकताना सर्वांनी पाहिलेले असते. कवींनी त्याला फसवणुकीचे नाव देऊन ठेवले आहे. नेमबाजाला मात्र ते खरे सांगते. दुर्बिणीतून पाहता हवेच्या त्या लाटा ज्या दिशेने वाहताना दिसतात त्या दिशेचा वारा असतो, आणि त्या सरळ वर उकळताना दिसल्या की आडवा वारा पडला असे समजावयाचे.

या विद्येला देशात संघटित रूप आले ते १९५१ साली, राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या स्थापनेने. तिचे संस्थापक अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. रत्नागिरीकडील घराण्याचा, अहमदाबादेत वकिली केलेला आणि गांधीजींच्या चळवळीत तुरुंग भोगलेला हा गृहस्थ रायफल संघटनेचा अध्यक्ष होतो, यात वरवर पाहणाराला विसंगती दिसेल. पण बंदूक कोणावर रोखण्यासाठी नव्हे, तर स्वतःला आवरण्यासाठी हाती घ्यावयाची, हा खेळाचा अर्थ ध्यानी घेतला तर ती उरत नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची पायरी असलेल्या अखिल भारतीय स्पर्धेला त्यांचेच नाव दिले आहे.

पुढे या खेळात मराठी मुलुखाने जे नाव कमावले त्यात कोल्हापूरचा वाटा मोठा. तेजस्विनी सावंत हिने २०१० च्या ऑगस्टमध्ये म्यूनिक येथील जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर अंतरावर पडून मारण्याच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक घेतले व त्या वेळच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. साठ गोळ्यांत गेले ते तीन गुण. जागतिक नेमबाजीत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली.

कोल्हापूर जिल्ह्याच्याच राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे लहानसे खेडे. तेथील स्वप्नील कुसाळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीकडे वळला आणि २०१५ साली रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. त्याच्या आरंभीच्या काळात गोळ्यांसाठी घरच्यांना कर्ज काढावे लागले, असे पुढे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. सरावाला दिवसाला शंभर गोळ्या धरल्या तरी महिन्याला अडीच-तीन हजार होतात, आणि मोठ्या स्पर्धांत वापरावयाची काडतुसे परदेशांतून येतात. कुस्तीच्या तालमीत खुराकाचा खर्च पैलवानाच्या अंगी लागतो. येथे तो धुरात जातो आणि कागदावर फक्त भोके उरतात. अशा घराने तो खर्च सोसणे ही पदकाहून लहान गोष्ट नव्हे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकची पन्नास मीटर तीन पवित्र्यांची अंतिम फेरी शातोरू येथे झाली. गुडघा टेकून, पडून आणि उभे राहून असे हे तीन पवित्रे. प्राथमिक फेरीत ५९० गुणांनी सातवा येऊन कुसाळे आठ जणांत आला होता. अंतिम फेरीत गुडघ्यावरील गोळ्यांनंतर तो सहावा होता, पडून मारल्यानंतर पाचवा. मग उभे राहून मारण्याची वेळ आली. हा सर्वांत कठीण पवित्रा, कारण रायफलीचा भार पेलणाऱ्या शरीराला जमिनीचा आधार केवळ दोन तळव्यांचा. येथे इतर पांगले, आणि त्याचा गुच्छ टिकला. ४५१.४ गुणांनी त्याला कांस्यपदक मिळाले. चीनचा लिऊ युकुन पहिला आणि युक्रेनचा सेर्ही कुलिश दुसरा आला. रायफलच्या या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक. चव्वेचाळीस गोळ्यांची सरासरी काढली तर ती १०.२६ येते. एकही गोळी चमत्काराची नव्हे, पण एकामागून एक तशीच.

कांबळवाडी आणि औराद-आळंदकडील एखादे खेडे यांत भूमीचे किंवा माणसाचे असे काही अंतर नाही. अंतर आहे ते मैदानाचे, शिक्षकाचे आणि गोळ्यांच्या पैशाचे. खुल्या रानात रायफल चालविणे हा त्यावर उपाय नव्हे. या चिमुकल्या काडतुसाच्या डब्यावरही गोळी दीड मैलापर्यंत धोक्याची असल्याची सूचना छापलेली असते, आणि मागे मातीचा भक्कम बांध असल्यावाचून ती झाडणे हे मूर्खपणाचे व बेकायदाही आहे. उपाय हवाई बंदुकीचा आहे. २०१२ साली लंडनमध्ये हवाई रायफलीचे कांस्यपदक जिंकणारे गगन नारंग यांचे हैदराबाद बीदरहून दीडशे किलोमीटरांच्या आतच आहे. या प्रकारास अंतर लागते अवघे दहा मीटर, म्हणजे शाळेचा एखादा लांब व्हरांडा, जाण्यायेण्याची वाट बंद करून आणि मागे छर्रे अडविणारी पेटी ठेवून. दहाचे चिन्ह तेथे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असते. सुमा शिरूर हिने २००४ साली क्वालालंपूर येथील आशियाई स्पर्धेत या ठिपक्यावर ४०० पैकी ४०० गुण मिळविले होते. ठरावीक मर्यादेहून कमी शक्तीच्या हवाई बंदुकीस नियमाने परवान्यातून सूट आहे. तथापि घेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारून घेतलेले बरे.

गोळीची परीक्षा मात्र येथेही तीच. साडेचार मिलिमीटरच्या छऱ्यांतही डब्या-डब्यांत फरक असतो आणि डोक्याच्या व्यासात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने वेगळे असे छरे मिळतात. दोन-तीन प्रकारच्या डब्या आणाव्यात. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवावी, म्हणजे हाताचा दोष कमी होईल. प्रत्येक प्रकाराच्या दहा-दहा छऱ्यांचे तीन-तीन कागद करावेत. पहिले पाच-सात छरे नळी सरावण्यासाठी वेगळ्या कागदावर घालवावेत. प्रत्येक कागदाच्या पाठीवर तारीख, डबीचा क्रमांक आणि गुच्छाची रुंदी लिहून ठेवावी, आणि वाईट निघालेला कागदही फाडू नये.